‘दीवा’ कोण? देवत्व मिळालेल्या रोमन राजस्त्रियांची नाणी ओळखण्याची रीत

स्टीलच्या जुन्या चार आण्याएवढं, सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरणारं एक चांदीचं नाणं. पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारी एक स्त्री. केसांच्या बारीक वेण्या वर चढवून बरोबर माथ्यावर अंबाडा बांधलेला. मागच्या बाजूला राजदंड धरून उभी असलेली एक देवी. कडेनं अक्षरं आहेत, पण पहिला शब्द जवळजवळ पुसून गेलाय.

माझ्या संग्रहातलं पहिलं रोमन नाणं हे असं होतं. पाकिटावर विकणाऱ्यानं ‘रोमन राणी फाउस्टिना’ एवढंच लिहिलं होतं, आणि ती जिवंत असताना पाडलेलं नाणं आहे अशी माझी बरेच दिवस समजूत होती. पुसलेला शब्द ‘दीवा’ होता हे पुढे कळलं आणि नाण्याचा सगळा अर्थच बदलला. ही बाई तेव्हा हयात नव्हती. रोमच्या सिनेटनं तिला देवी ठरवलं होतं आणि तिच्यामागे राहिलेला नवरा वर्षानुवर्षं तिच्या नावानं नाणी पाडत होता.

या प्रकारची नाणी वाचताना एक गोष्ट कायम मनात ठेवावी लागते. चेहरा मेलेल्या स्त्रीचा असतो, पण नाणं जिवंत सम्राटाचं असतं. त्याचं नाव बहुतेक वेळा नाण्यावर कुठेच नसतं. तो कोण आणि त्याला ही स्त्री देवी म्हणून का हवी होती, हे शोधल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या शेवटी तिथेच नेतात.

आधी मोजमाप, मग अक्षरं

नाणं हातात आलं की लगेच भिंग लावून अक्षरं शोधायचा मोह होतो. तो आवरा. आधी 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, व्हर्निअर कॅलिपर आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. टेबलावर जाड मऊ कापड पसरा, म्हणजे नाणं निसटलं तरी आपटणार नाही. ते नेहमी कडेनं धरा, बोट चेहऱ्यावर नको.

वजन आणि व्यास लिहून घेतले की नाण्याचा प्रकार बहुतेक वेळा लगेच ठरतो. दुसऱ्या शतकात ऑरियस हे सोन्याचं नाणं साधारण 7.2 ग्रॅमचं असे. डेनारियस चांदीचं, 3 ते 3.5 ग्रॅम, व्यास 17 ते 19 मिलिमीटर. सेस्टर्शियस हे पितळेचं मोठं, जाडजूड नाणं, 22 ते 28 ग्रॅम, व्यास 30 मिलिमीटरच्या पुढे. डुपोंडियस पितळेचं आणि अस तांब्याचं. दोन्ही साधारण 10 ते 13 ग्रॅमची. हिशेब सोपा आहे: एका ऑरियसचे 25 डेनारियस, एका डेनारियसचे 4 सेस्टर्शियस, एका सेस्टर्शियसचे 2 डुपोंडियस किंवा 4 अस. गुप्तकाळातले शिलालेख सोन्याच्या नाण्याला ‘दीनार’ म्हणतात, तो शब्द याच डेनारियसवरून आपल्याकडे आला.

डुपोंडियस आणि अस यांच्यात मात्र नवा माणूस हमखास चुकतो. सम्राटांच्या नाण्यांवर डुपोंडियस ओळखायला डोक्यावरचा किरणांचा मुकुट असतो. राजस्त्रियांच्या नाण्यांवर ती खूण नाही. मग धातूचा रंग पाहायचा, पितळेचा पिवळेपणा की तांब्याचा लालसरपणा. पण अठराशे वर्षांच्या थरानं दोन्ही सारखीच हिरवट-तपकिरी होऊन बसलेली असतात. रंग कळावा म्हणून नाणं घासू नका. ठरत नसेल तर वहीत ‘डुपोंडियस किंवा अस’ असं लिहून पुढे जा, मोठमोठी संग्रहालयंही तसंच करतात.

आता नाणं पुढच्या बाजूनं सरळ धरा आणि वर-खाली दोन बोटांत पकडून गिरकी द्या. मागचं चित्र सरळ दिसलं तर ठशांचा कोन ‘12 वाजता’, उलटं दिसलं तर ‘6 वाजता’. हाही आकडा नोंदवा. आत्ता त्याचं महत्त्व कळणार नाही, पण दोन नाण्यांची तुलना करायची वेळ आली की तो लागतो.

अक्षरं वाचताना

दिवा बाजूला सरकवा. उजेड वरून पडला तर झिजलेली अक्षरं सपाट दिसतात, बाजूनं तिरका पडला की त्यांच्या सावल्या उठतात. नाणं हळूहळू फिरवत राहा.

या नाण्यांवर वाचन साधारण घड्याळातल्या सातच्या जागेपासून सुरू होतं आणि काट्याच्या दिशेनं पुढे जातं. अक्षरांचे पाय नाण्याच्या मध्याकडे असतात. शब्दांत मोकळी जागा असेलच असं नाही. ‘यू’ हे वेगळं अक्षर त्या काळी नव्हतं, त्याचंही काम ‘व्ही’ करत असे. त्यामुळे फाउस्टिना हे नाव एफ, ए, व्ही, एस, टी, आय, एन, ए असं दिसतं. ए-व्ही-जी ही तीन अक्षरं म्हणजे ‘ऑगस्टा’, राजघराण्यातल्या स्त्रीला मिळणारी पदवी. पितळ-तांब्याच्या नाण्यांवर मागे एस आणि सी ही दोन मोठी अक्षरं असतात, त्यांचा अर्थ ‘सिनेटच्या ठरावानं’.

आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे डी-आय-व्ही-ए. लॅटिनमध्ये पहिला स्वर दीर्घ आहे म्हणून मी तो ‘दीवा’ असा लिहितोय, आणि आपल्या तेलाच्या दिव्याशी घोटाळाही नको. अर्थ सांगायला मराठी माणसाला कोश लागत नाही. आपले ‘देव’ आणि ‘दिव्य’ हे शब्द याच कुळातले.

चेहरा उजवीकडे पाहत असेल तर ‘दीवा’ हा शब्द डोक्याच्या मागच्या बाजूला येतो, नाव चेहऱ्यासमोर. ही जागा लक्षात असली की अक्षरं पुसली तरी काम होतं. माझ्या त्या नाण्यावर मला शेवटी मोकळ्या जागेनं मदत केली. ‘दीवा फाउस्टिना’ ही फक्त 12 अक्षरं, म्हणून ती ऐसपैस अंतरावर कोरलेली. ती हयात असताना बऱ्याच नाण्यांवर नवऱ्याच्या नावासकट 27 अक्षरं दाटीवाटीनं बसवलेली असत. अर्थात हयातीतच ‘फाउस्टिना ऑगस्टा’ असा 15 अक्षरांचा आखूड मजकूरही वापरला गेला, त्यामुळे केवळ अंतरावरून निकाल देऊ नका. मला पक्की खात्री मागच्या बाजूच्या ‘एटर्निटास’ या शब्दानं दिली. त्याचा अर्थ चिरंतनता, आणि थोरल्या फाउस्टिनाच्या, म्हणजे सम्राट अँटोनिनस पायसच्या पत्नीच्या, नाण्यांवर तो तिच्या मृत्यूनंतरच येतो.

इथे एक सापळा आहे. ‘दीव’ या मुळाचा शब्द दिसला म्हणजे चेहरा देवत्व मिळालेल्या स्त्रीचाच, असं नाही. सम्राट ट्रेजनची भाची मातिदिया हयात असताना तिच्या नाण्यांवर ‘मातिदिया ऑगस्टा, दीवा मार्कियानाची मुलगी’ असं लिहिलं आहे. देवी झाली होती ती आई, मार्कियाना. शेवटचं एकटं ‘एफ’ हे अक्षर ‘मुलगी’ या अर्थाचं, आणि ते झिजलेलं असलं की वाचणारा फसतो. सम्राट टायटसची मुलगी जुलिया हिच्या नाण्यांवरही ‘दिव्य टायटसची मुलगी’ हे शब्द येतात, तिथे ‘दीवी’ हा बापाचा मान आहे. म्हणून शब्द सापडल्यावर लगेच विचारा: हा कोणाला लागू होतो? ओळीच्या अगदी सुरुवातीला, थेट तिच्या नावाला जोडून आला असेल तर तिचाच. मधे आला आणि शेवटी ‘एफ’ असेल तर आईचा किंवा बापाचा.

केस आणि पदर

अक्षरं पूर्ण गेली असतील तरी हताश होऊ नका. राजस्त्रियांची नाणी केशरचनेवरून ओळखतात. टांकसाळीतले कारागीर नाकडोळे सरसकट कोरत, पण केसांच्या बाबतीत ते अतिशय काटेकोर होते. नव्या राणीची नवी केशरचना रोममधल्या बायका उचलत, ती साऱ्यांच्या ओळखीची असे.

मार्कियाना आणि मातिदिया यांचे केस कपाळावर थरावर थर रचून उंच उभे केलेले, पंख्यासारखे किंवा मुकुटासारखे. ट्रेजनची राणी प्लोटिना हिची वेणी मानेवर लोंबते. थोरल्या फाउस्टिनाचा अंबाडा माथ्यावर, तर तिच्या मुलीचा, धाकट्या फाउस्टिनाचा, मागे मानेजवळ. केस कपाळावरून मऊ लाटांसारखे मागे घेतलेले. मायलेकींची नावं एकच, दोघीही देवी झाल्या, आणि बाजारात एकीच्या नावाखाली दुसरीची नाणी सर्रास विकली जातात. अंबाडा कुठे आहे हे पाहिलंत तर ही चूक तुमच्याकडून होणार नाही. ताडून पाहायला मजकूर आहे: आईच्या नाण्यांवर ‘दीवा फाउस्टिना’, किंवा मधे ‘ऑगस्टा’ घालून. लेकीच्या नाण्यांवर पुढे ‘पिया’ हा शब्द जोडलेला, ‘दीवा फाउस्टिना पिया’.

दुसरी खूण डोक्यावरून घेतलेल्या पदराची. सम्राट हेड्रियनची पत्नी सबिना हिच्या मरणोत्तर नाण्यांवर तो दिसतो, पुढच्या शतकातल्या जुलिया माएसा, पाउलिना आणि मारिनियाना यांच्या नाण्यांवर तर हमखास. रोममध्ये डोक्यावरून वस्त्र घेणं ही पूजाविधीची रीत होती, त्यामुळे मृत स्त्रीला ते शोभून दिसे. पण पदराचा उलटा अर्थ लावू नका. थोरल्या फाउस्टिनाच्या बहुतेक दीवा-नाण्यांवर डोकं उघडंच आहे. पदर असेल तर शक्यता वाढते, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही.

मागची बाजू: मोर, गरुड, रथ, चिता

देवत्व दिल्याचं सांगणारा थेट शब्द म्हणजे ‘कॉन्सेक्रातिओ’. नाण्यांवर तो मार्कियानापासून येतो. ती इ.स. 112 मध्ये 29 ऑगस्टला वारली आणि त्याच दिवशी तिला देवी जाहीर केलं गेलं. ऑस्तिया बंदरात सापडलेल्या कोरीव नोंदींत ही तारीख आहे. तिच्या नाण्यांवर या शब्दासोबत पंख पसरलेला गरुड दिसतो. गरुड देवांचा राजा ज्युपिटर याचा, म्हणजे सम्राटाचा आत्मा वर नेणारा पक्षी. मातिदिया आणि सबिना यांनाही गरुडच मिळाला. मोर हा जूनोचा, देवांच्या राणीचा पक्षी. थोरल्या फाउस्टिनापासून तो राजस्त्रियांच्या नाण्यांवर रुळला आणि तिसऱ्या शतकात जवळजवळ एकमेव खूण होऊन राहिला. काही नाण्यांवर तो नुसता चालतोय, काहींवर पिसारा फुलवून समोर उभा आहे, आणि पाउलिनाच्या नाण्यांवर तिला पाठीवर घेऊन उडतोय. तेव्हा मागच्या बाजूला गरुड असेल तर नाणं फाउस्टिनाच्या आधीचं असण्याकडे कल ठेवा, मोर असेल तर तिचं किंवा तिच्यानंतरचं.

चिता दिसली तर ती नीट मोजा, कारण ती साधी लाकडांची रास नाही. रोमन राजघराण्याची चिता मजल्यांची असे, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा लहान, हारांनी सजवलेली, वर रथ किंवा मूर्ती.

हत्तींनी ओढलेल्या गाडीचं चित्र थोरल्या फाउस्टिनाच्या सेस्टर्शियसवर आहे. गाडीत बसलेली आकृती म्हणजे तिची मूर्ती, मिरवणुकीत नेली जाणारी. ही नुसती कल्पना नव्हती. धाकट्या फाउस्टिनाबद्दल इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो की तिची सोन्याची मूर्ती खुर्चीत बसवून नाट्यगृहात नेत, सम्राट हजर असेल तेव्हा, आणि ती जिथून खेळ पाहायची त्याच जागी ठेवत. नाण्यांवर रिकामं सिंहासन आणि त्यावर राजदंड दिसतो तेव्हा मला ही खुर्ची आठवते.

दुचाकी छत्रगाडीजवळ मात्र थांबा. कार्पेंटुम नावाची ही गाडी खेचरं ओढत, आणि रोममध्ये ती वापरण्याचा मान चुलीची देवी व्हेस्टा हिच्या पुजारिणींना आणि राजघराण्यातल्या काही स्त्रियांनाच होता. पुष्कळ जण ती दिसली की नाणं ‘दीवा’ ठरवून टाकतात. तीन सम्राटांची तीन नाणी समोर ठेवून पाहा. टायबेरियसनं इ.स. 22-23 मध्ये आई लिव्हियासाठी असं सेस्टर्शियस पाडलं, ती तेव्हा जिवंत होती. कॅलिगुलानं आई अग्रिपिनाच्या स्मरणार्थ पाडलं, ती मेलेली होती पण तिला देवत्व कधी दिलं गेलं नाही. डोमिशियननं पुतणी जुलियासाठी पाडलं, आणि तिथे मजकुरात ‘दीवा’ आहे. चित्र एकाच वळणाचं, स्त्रियांचा दर्जा तीन तऱ्हांचा. निकाल अक्षरंच देतात.

फाउस्टिनाच्या मागच्या बाजू इतक्या तऱ्हेच्या आहेत की तेवढ्यावरच एखाद्याचा संग्रह उभा राहील. ‘ऑगस्टा’ या मजकुरासोबत मशाल आणि कणसं घेतलेली धान्यदेवी सेरेस, व्हेस्टा, चिरंतनतेच्या हातात पृथ्वीगोल आणि त्यावर फिनिक्स पक्षी, एखाद्या नाण्यावर तर फक्त एक तारा. दुर्मीळ नाण्यांमध्ये मला सगळ्यात आवडतं ते ‘पुएल्ले फाउस्टिनियाने’, म्हणजे फाउस्टिनाच्या मुली. तिच्या नावानं नवऱ्यानं गरीब मुलींच्या पालनपोषणाची योजना सुरू केली होती, त्याचं हे चित्र. धाकट्या फाउस्टिनाच्या नाण्यांत दोन शोधून पाहण्यासारखी. एकावर ‘सिदेरिबुस रेसेप्टा’, म्हणजे ताऱ्यांमध्ये सामावलेली, आणि चंद्रकोर धारण करणारी डायना. दुसऱ्यावर ‘मात्री कास्त्रोरुम’, म्हणजे छावणीच्या मातेला. ही पदवी तिला सैन्यासोबत राहिल्याबद्दल मिळाली होती.

आता विचारा: पाडलं कोणी?

सम्राटांच्या नाण्यांवर त्यांच्या पदांचे आकडे असतात, त्यावरून वर्ष काढता येतं. बहुतेक दीवा-नाण्यांवर असे आकडे नसतात. देवीला कसली वर्षं? म्हणून तारीख काढण्यासाठी त्या वेळी गादीवर कोण होतं तिकडे वळावं लागतं, आणि इथे इतिहास कामी येतो.

पहिला सम्राट ऑगस्टस याची पत्नी लिव्हिया इ.स. 29 मध्ये वारली. सिनेटनं सुचवूनही मुलगा टायबेरियस यानं तिला देवत्व द्यायला नकार दिला. तेरा वर्षांनी, 42 मध्ये, नातू क्लॉडियस यानं ते दिलं. का? क्लॉडियस ऑगस्टसचा थेट वंशज नव्हता. आजी देवी झाली की गादीवरचा त्याचा हक्क वजनदार होणार होता. त्याच्या डुपोंडियसवर पुढे दिव्य ऑगस्टसचं डोकं आणि मागे कणसं व मशाल घेऊन बसलेली ‘दीवा ऑगस्टा’ अशी जोडी आहे. पुढे 68-69 मध्ये गाल्बानंही ‘दीवा ऑगस्टा’ मजकुराचे डेनारियस पाडले, लिव्हिया वारल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. गाल्बावर तिची मर्जी होती, आणि नीरोनंतरच्या गोंधळात त्याला जुन्या घराण्याशी नातं दाखवायचं होतं. तेव्हा ‘दीवा ऑगस्टा’ वाचलं की लगेच क्लॉडियस लिहू नका. धातू पाहा, चांदी असेल आणि देवी उभी असेल तर गाल्बाकडे वळा.

हेड्रियनचंही तसंच. तो ट्रेजनचा दत्तक वारस, आणि त्या दत्तकविधानाबद्दल तेव्हाच कुजबुज होती. सासू मातिदिया 119 मध्ये वारली, तिला त्यानं देवत्व दिलं, रोममध्ये मंदिर बांधलं. नंतर ट्रेजनची विधवा प्लोटिना. ‘दिव्य मातापित्यांना’ असा मजकूर असलेल्या त्याच्या सोन्याच्या नाण्यावर ट्रेजन आणि प्लोटिना समोरासमोर आहेत, डोक्यावर तारे. हे नाणं पाहिलं की दत्तक मुलाचा दावा स्पष्ट ऐकू येतो.

अँटोनिनस पायस वेगळा. थोरली फाउस्टिना 140 च्या अखेरीस गेली तेव्हा त्याची गादी डळमळीत नव्हती. तरी 161 मध्ये स्वतः मरेपर्यंत, वीस वर्षं, त्यानं तिची नाणी पाडणं थांबवलं नाही. सोनं, चांदी, पितळ, तांबं, सगळ्यांत. रोमच्या जुन्या चौकात तिचं मंदिर उभारलं, ते नाण्यांवर सहा खांबांच्या दर्शनी बाजूनं कोरलेलं आहे. त्याच्या मृत्यूनंतर मंदिराच्या पाटीवर तिच्या नावाच्या वर त्याचं नाव घातलं गेलं. आज त्याच खांबांच्या आत सान लोरेंझो इन मिरांदा हे चर्च आहे, आणि दोन्ही ओळी अजून वाचता येतात. वारसा आणि राजकारण यात होतंच, दत्तक वारस मार्कस ऑरेलियस हा तिचा जावई होता. पण एवढ्या वर्षांचा, एवढ्या तऱ्हांचा हा आग्रह केवळ राजकारणानं समजत नाही असं माझं मत आहे.

धाकटी फाउस्टिना 175-76 च्या हिवाळ्यात टॉरस पर्वताच्या पायथ्याशी हलाला इथे वारली, नवऱ्यासोबत प्रवासात असताना. मार्कस ऑरेलियसनं त्या गावाला तिचं नाव दिलं. तिची दीवा-नाणी म्हणून 176 ते 180 या चार-पाच वर्षांतच बसवायची.

तिसऱ्या शतकात ही परंपरा आखडत गेली. सम्राट सेप्टिमियस सेव्हरसची पत्नी जुलिया डोम्ना आणि तिची बहीण माएसा यांची मोराची नाणी दुर्मीळ आहेत. मॅक्सिमिनस थ्रॅक्सची पत्नी पाउलिना आपल्याला मुख्यतः नाण्यांमुळेच माहीत आहे. व्हॅलेरियनची पत्नी मारिनियाना हिची नाणी 253 नंतरची. चांदी इतकी कमी की रंग राखाडी, खांद्याखाली चंद्रकोर, मागे मोर.

सूचीत शोधणं

यानंतरच सूची उघडा. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ ही सूची जगभर प्रमाण मानतात, आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीनं ती ‘ऑक्रे’ या नावानं इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहे, फोटोंसह. पहिल्यांदा शोधणारा हटकून अडतो तो इथे: तो फाउस्टिना नावाचा विभाग शोधतो. सूची सम्राटांच्या क्रमानं आहे. थोरल्या फाउस्टिनाची मरणोत्तर नाणी अँटोनिनस पायसच्या विभागात, धाकटीची मार्कस ऑरेलियसच्या विभागात, दोन्ही तिसऱ्या खंडात. लिव्हियाचं डुपोंडियस क्लॉडियसकडे. म्हणजे आधीची पायरी झाली नसेल तर सूचीही उघडत नाही.

शोधताना आधी धातू व प्रकार निवडा, मग मागच्या बाजूचा मजकूर घाला. ‘एटर्निटास’ घातलं की डझनावारी नोंदी येतील. त्यातून देवीच्या हातात काय आहे, ती कोणीकडे पाहतेय, उभी की बसलेली, यावरून गाळत जा. डावा-उजवा नेहमी पाहणाऱ्याच्या बाजूनं धरतात. जुळणारी दोन-तीन नाणी सापडली की फोटो शेजारी ठेवून अक्षरांच्या जागा ताडून पाहा. अंबाड्याच्या टोकाला नेमकं कोणतं अक्षर भिडतं, मानेखाली शेवटचं अक्षर किती अंतरावर आहे. हे तंतोतंत जुळलं तर दोन्ही नाणी एकाच ठशातून पडली असण्याची शक्यता आहे. एकच पुढचा ठसा वेगवेगळ्या मागच्या ठशांसोबत वापरला गेल्याचं दाखवत अभ्यासक अशा नाण्यांचा आधी-नंतरचा क्रम लावतात.

खोटी नाणी, कायदा आणि जपणूक

ओतून केलेलं बनावट नाणं कडेवरून ओळखा. कडेला जोड-रेषा किंवा ती घासून काढल्याच्या खुणा, पृष्ठभागावर बारीक फुगे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, आणि वजन नेमापेक्षा बरंच इकडेतिकडे. डेनारियस 2.5 ग्रॅमच्या खाली भरत असेल आणि एखाद्या ओरखड्यातून तांबूस गाभा दिसत असेल तर ते चांदीचा पत्रा चढवलेलं, त्या काळातलंच खोटं नाणं असू शकतं. ते फेकू नका, त्यालाही जिज्ञासू ग्राहक आहे, फक्त नोंद खरी करा. जुलिया डोम्नाचं किंवा माएसाचं मोराचं नाणं स्वस्तात मिळतंय असं वाटलं तर हात आखडता घ्या. सुरुवात थोरल्या फाउस्टिनाच्या साध्या, झिजलेल्या डेनारियसनं करा. ही नाणी भरपूर आहेत, म्हणून त्यांची नक्कल करण्यात फारसा फायदा नसतो.

भारतात राहणाऱ्यांनी दोन कायदे माहीत करून घ्यावेत. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून टपालानं पाठवणंही यात आलं. दुसरा 1878 चा, जमिनीत सापडलेल्या धनाचा. शेतात, विहिरीच्या खोदकामात दहा रुपयांहून जास्त मोलाची नाणी सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. खरेदी करताना लेखी पावती घ्या, तीत नाण्याचं वर्णन आणि वजन असू द्या. हाताळण्याआधी डोळा तयार करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात नाणी पाहता येतात. तिथली आपली नाणी पाहूनही ठसा, झीज आणि अक्षरं वाचण्याचा सराव होतो.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, ब्रासो यांतलं काहीही नाण्याला लावू नका. पितळ-तांब्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं लगेच वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा, ती कीड शेजारच्या नाण्यांनाही लागते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतरानं चिकट हिरवा द्रव सुटतो, ती टाळा. आम्ल नसलेल्या कागदाचं पाकीट आणि ओल शोषणारी पुडी पुरेशी आहे.

पाकिटावर पेन्सिलनं चिठ्ठी लिहा. माझ्या पहिल्या नाण्याची आता अशी आहे: ‘थोरली फाउस्टिना, मरणोत्तर. डेनारियस, 3.21 ग्रॅम, 17.5 मिलिमीटर, 6 वाजता. पुढे: दीवा (पुसट) फाउस्टिना, अंबाडा माथ्यावर, डोकं उघडं. मागे: एटर्निटास, देवी उभी, हाती राजदंड. पाडणारा: तिचा नवरा अँटोनिनस पायस, रोम, 141 ते 161.’ खाली दोन बोटं जागा कोरी ठेवली आहे, त्याच ठशातलं दुसरं नाणं कुठे दिसलं तर ते लिहायला.